डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव : अमेरिकेने न मानलेल्या पदवीचा वैद्य

गरोदर स्त्रियांना सरकारी दवाखान्यातून मिणारी लोह व फॉलिक ॲसिडची गोळी, हत्तीरोगाच्या निर्मूलन मोहिमेत घरोघरी वाटले जाणारे डीईसी हे औषध, बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर आणि संधिवातावर वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट आणि टेट्रासायक्लिन कुळातील प्रतिजैविके या सर्वांच्या मुळाशी एकाच भारतीय वैद्याचे नाव येते. अमेरिकेत पाऊल ठेवले तेव्हा त्या वैद्याची पदवी तेथील कोणत्याही रुग्णालयाला पुरेशी वाटली नव्हती. त्यांचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील भीमावरम येथे झाला. वडील जगन्नाथम महसूल खात्यात नोकरीला होते, पण प्रकृतीच्या कारणाने त्यांना ती लवकर सोडावी लागली. मोठ्या कुटुंबाचा भार आई वेंकम्मा यांच्यावर आला. सुब्बाराव अभ्यासात रमणारे मूल नव्हते. वयाच्या तेराव्या वर्षी ते घरातून पळाले. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसा मिळवायचा, असा त्यांचा बेत होता. आईने त्यांना अर्ध्या वाटेवरून परत आणले आणि पुन्हा शाळेत बसवले. मॅट्रिकच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले. आईने अंगावरचे दागिने मोडून त्यांना मद्रासला पाठवले आणि तेथील हिंदू हायस्कूलमधून तिसऱ्या प्रयत्नात ते उत्तीर्ण झाले. पुढे जगातील वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत ज्यांचे नाव आले, त्यांच्या विद्यार्थिदशेचा आरंभ असा आहे.

प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना त्यांच्या मनाने संन्यासाची ओढ घेतली. योगायोग असा की स्वामी विवेकानंद आणि सुब्बाराव यांची जन्मतारीख एकच आहे. रामकृष्ण मिशनमध्ये दाखल होण्याचा त्यांचा निश्चय झाला होता, परंतु आईच्या संमतीवाचून मिशन त्यांना घेईना आणि आई संमती देईना. वैद्यक शिकून त्याद्वारे सेवा करावी, असा मार्ग मिशनमधूनच सुचवला गेला. मद्रास मेडिकल कॉलेजातील त्यांच्या शिक्षणाचा खर्च काही मित्रांनी आणि कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी उचलला. मूर्तींची कन्या शेषगिरी हिच्याशी १९१९ साली सुब्बारावांचा विवाह झाला.

त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण लावणारा प्रसंग याच कॉलेजात घडला. महात्मा गांधींनी विदेशी मालाच्या बहिष्काराची हाक दिली होती. सुब्बारावांनी शस्त्रक्रियागृहात खादीचा अंगरखा घालण्यास सुरुवात केली. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षांत सुब्बारावांनी चांगली कामगिरी केली होती, तरी अखेर त्यांच्या हाती एमबीबीएस ही पूर्ण पदवी न पडता एलएमएस हे दुय्यम प्रमाणपत्र पडले. हिंदुस्थानात एलएमएसधारक वैद्याला रुग्ण तपासता येत असत. तेवढ्यापुरते ते पुरेसे होते. मात्र मद्रासच्या सरकारी वैद्यकीय सेवेत जाण्याचा त्यांचा प्रयत्न फसला आणि समुद्रापलीकडे तर या तीन अक्षरांनी त्यांची वाट वर्षानुवर्षे अडवली.

सरकारी नोकरी नाही म्हटल्यावर त्यांनी मद्रासमध्ये डॉ. अचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्याचे काम पत्करले. आयुर्वेदातील औषधींना आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर उतरवावे, हा विचार तेथेच त्यांच्या मनात रुजला. घरात याच सुमारास मृत्यूने फेरा घातला होता. त्यांचा एक भाऊ स्प्रू या रोगाने गेला. अन्न अंगी न लागणे, सततचा अतिसार, रक्त कमी होत जाणे आणि शरीराचा सापळा होणे अशी या रोगाची लक्षणे. खुद्द सुब्बारावांनाही त्याने गाठले होते. लक्ष्मीपतींच्या औषधाने ते बरे झाले. आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाला स्वतःच्या घरातील रोगावर आपल्या पुस्तकांत उत्तर सापडले नव्हते. पुढील पंचवीस वर्षांचा त्यांचा प्रवास या एका बोचणीशी जोडून पाहिला तर बराच उलगडतो.

रॉकफेलर फाउंडेशनच्या कामासाठी हिंदुस्थानात आलेल्या एका अमेरिकी डॉक्टरशी त्यांची गाठ पडली आणि हार्वर्डला जाण्याची कल्पना पक्की झाली. काकीनाडा येथील मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेने साहाय्याचे आश्वासन दिले, उरलेली रक्कम सासऱ्यांनी उभी केली. तीन वर्षांत परत येतो, असे शेषगिरीला सांगून विसाच्या दशकाच्या आरंभी, एका ऑक्टोबर महिन्यात ते बोस्टनला उतरले.

तो काळ हिंदी माणसाला अमेरिकेत अनुकूल नव्हता. १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक भागांतून होणारे स्थलांतर बंद केले होते; विद्यार्थ्यांना तेवढी वाट मोकळी होती. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी व्यक्ती नागरिकत्वास पात्र नसल्याचा निकाल दिला. म्हणजे सुब्बाराव ज्या देशात नशीब काढायला गेले, त्या देशाने त्यांना कायमचे स्वीकारण्याची शक्यताच कायद्याने मिटवून टाकली होती.

हार्वर्डच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विभागात त्यांना प्रवेश मिळाला. डॉ. रिचर्ड स्ट्राँग हे तेव्हा त्या विभागाचे प्रमुख होते. अडचण होती ती पोटापाण्याची. परदेशातून आलेला डॉक्टर एखाद्या रुग्णालयात इंटर्न म्हणून राहिला की राहण्याजेवण्याची सोय होई आणि पुढची दारेही उघडत. एलएमएस या प्रमाणपत्रावर ती जागा मिळणे अशक्य ठरले. तेव्हा सुब्बाराव पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात गेले ते रात्रपाळीचा कामगार म्हणून. ज्या वॉर्डात डॉक्टर म्हणून फिरण्याची त्यांची तयारी होती, तेथे रुग्णांची शौचाची भांडी रिकामी करणे आणि धुणे हे काम त्यांच्या वाट्याला आले. दिवसा वर्ग आणि रात्री वॉर्ड, असे करून १९२४ साली त्यांनी पदविका मिळवली.

परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता एका ठराविक पद्धतीने तपासणारी ईसीएफएमजी ही अमेरिकी संस्था १९५६ साली अस्तित्वात आली. सुब्बारावांच्या वेळी अशी परीक्षा नव्हती. परीक्षा देऊन स्वतःला सिद्ध करण्याची संधीदेखील नव्हती, असाही त्याचा अर्थ होतो. प्रमाणपत्र नाकारले गेले की विषय संपला. मग उरत होता एकच उपाय: जेथे पदवी विचारली जात नाही आणि हातातले काम पाहिले जाते, अशी जागा शोधणे. ती जागा म्हणजे प्रयोगशाळा. आजही अमेरिकेत फेलोशिपसाठी धडपडणारे अनेक भारतीय डॉक्टर आधी संशोधनात वर्ष-दोन वर्षे घालवून शोधनिबंधांच्या बळावर अर्ज करतात. शंभर वर्षांपूर्वी सुब्बारावांना हा मार्ग कोणी आखून दिला नव्हता.

हार्वर्डच्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख ओटो फोलिन होते. ते स्वतः स्वीडनहून पंधराव्या वर्षी अमेरिकेत आलेले स्थलांतरित. रक्तातील आणि लघवीतील घटक रंगांच्या साहाय्याने मोजण्याच्या पद्धती ही त्यांची खासियत. त्यांच्या विभागात सायरस फिस्क यांच्या हाताखाली सुब्बारावांना काम मिळाले. विषय दिसायला अगदी कोरडा होता: रक्तातील फॉस्फरसचे प्रमाण कसे मोजावे?

तेव्हा प्रचलित असलेली बेल आणि डॉइझी यांची पद्धत भरवशाची नव्हती. तिचा रंग टिकत नसे. फिस्क आणि सुब्बाराव यांनी आम्लयुक्त द्रावात मॉलिब्डेट मिसळून फॉस्फेट बांधून घेतले आणि नंतर एका विशिष्ट रसायनाने त्याचे क्षपण करून निळा रंग आणला. निळा जितका गडद, तितका फॉस्फरस अधिक. काही मिनिटांत आणि थोड्याशा रक्तात मोजमाप होऊ लागले. १९२५ साली जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री या नियतकालिकात ही पद्धत प्रसिद्ध झाली. विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा आधार घेतल्या गेलेल्या शोधनिबंधांत तिची गणना होते. जीवरसायनशास्त्राच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी फिस्क-सुब्बाराव पद्धत प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवली आहे. त्यातला दुसरा मनुष्य भारतीय होता, हे त्यांपैकी किती जणांच्या लक्षात आले असेल, हा प्रश्न वेगळा.

या पद्धतीने पुढे जे दाखवले ते तिच्या कर्त्यांनाही अपेक्षित नव्हते. रक्ताच्या नमुन्यात निळा रंग ठरल्या वेळेत उमटे. स्नायूंच्या अर्कात मात्र तो रेंगाळत वाढत राही. दुसऱ्या कोणी हा दोष पद्धतीच्या माथी मारला असता. फिस्क आणि सुब्बाराव यांनी वेगळा तर्क केला: स्नायूत एखादा नाजूक पदार्थ आहे, परीक्षानळीतल्या आम्लात तो हळूहळू फुटतो आणि फॉस्फेट सोडत जातो, म्हणून रंग वाढतो. तो पदार्थ म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. १९२७ साली त्यांनी त्याची ओळख पटवली. स्नायू थकला की तो घटतो आणि विश्रांती मिळाली की पुन्हा भरून येतो, हेही त्यांनी दाखवले. लंडनमधील एगलटन दांपत्यालाही त्याच सुमारास या पदार्थाचा सुगावा लागला होता.

१९२९ मध्ये याच वाटेवर त्यांना ॲडेनोसीन ट्रायफॉस्फेट, म्हणजे एटीपी, सापडले. जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते स्वतंत्रपणे आणि त्याच वर्षी मिळाले. प्रत्येक सजीव पेशी ज्या चलनात ऊर्जेचा व्यवहार करते ते हेच चलन. स्नायूंच्या आकुंचनाची ऊर्जा लॅक्टिक आम्लाच्या निर्मितीतून थेट येते, असा समज त्यावेळी दृढ होता. त्या क्षेत्रातील कार्याबद्दल आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मेयरहोफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिकही मिळाले होते. बोस्टनमधील या दोघांच्या शोधांनी त्या समजाचा पाया हलवला.

१९३० साली सुब्बारावांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली. मद्रासने जी पदवी नाकारली होती तिच्याहून मोठी पदवी आता त्यांच्या नावापुढे होती. एटीपीसारखा शोध पाठीशी असलेल्या संशोधकाला विद्यापीठात कायमची जागा मिळणे ओघाने आले असते. तसे झाले नाही. पुढील दहा वर्षे ते हार्वर्डमध्ये दुय्यम पदांवरच राहिले.

त्याची कारणे एकाच ठिकाणी सापडत नाहीत. कातडीचा रंग आणि नागरिकत्वाला अपात्र ठरलेले राष्ट्रीयत्व हे एक कारण उघड आहे. दुसरे त्यांच्या स्वभावात होते. फिस्क यांची बढती पक्की व्हावी म्हणून फॉस्फरसच्या संशोधनातील आपला वाटा त्यांनी स्वतःच कमी करून सांगितला, असे त्यांच्या चरित्रातून दिसते. फिस्क यांनी मात्र त्याची परतफेड केल्याचे आढळत नाही. पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज हे तेव्हा तेथेच विद्यार्थी होते. सुब्बारावांनी वेगळे केलेले काही न्यूक्लिओटाइड फिस्क यांनी प्रकाशात येऊ दिले नाहीत आणि ते अनेक वर्षांनी इतरांना नव्याने शोधावे लागले, असे मत त्यांनी नंतर नोंदवले. सुब्बारावांचा विनय हा त्यांच्या चरित्रकारांचा कौतुकाचा विषय असतो. पण स्पर्धेच्या जगात ज्याला आधीच परका मानले गेले आहे, त्याने स्वतःचे श्रेय स्वतःहून दुसऱ्याच्या पारड्यात टाकावे, हे कौतुकापेक्षा हळहळ वाटण्याजोगे आहे.

तीसच्या दशकात त्यांचे लक्ष यकृताकडे वळले होते. १९२६ मध्ये बोस्टनच्याच मायनट आणि मर्फी यांनी यकृत खाऊ घातल्याने घातक पंडुरोग बरा होतो, असे दाखवले होते. यकृतातला नेमका कोणता घटक हे काम करतो, ते कोणालाच ठाऊक नव्हते. सुब्बाराव यकृताचे अर्क काढून त्यांतील एकेक जीवनसत्त्व वेगळे करण्यामागे लागले. या कामात न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळांशी त्यांचा संबंध आला. १९४० मध्ये हार्वर्ड सोडून ते लेडर्लीत गेले आणि थोड्याच काळात तेथील संपूर्ण संशोधनाचे संचालक झाले. विद्यापीठाने कायम जागा दिली नाही, ती उद्योगाने दिली.

येथून पुढची आठ वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी होत, आणि त्यांतल्या पहिल्या मोठ्या यशाचा एक धागा मुंबईपर्यंत जातो. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या होत्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या तीव्र पंडुरोगाचा अभ्यास त्यांनी हाफकिन संस्थेत केला. मार्माइट या स्वस्त यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांना आढळले. त्यातला घटक काय, हे कळत नव्हते, म्हणून त्याला विल्स यांचेच नाव मिळाले. पुढे पालकाच्या पानांतून मिळालेल्या द्रव्याला फॉलिक ॲसिड म्हटले गेले. ते हवे तेवढे तयार करण्याचे रसायन कोणाला साधत नव्हते. सुब्बारावांच्या चमूने १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. मुंबईच्या गिरणगावातील स्त्रियांच्या रक्तात जे कमी होते, त्याचे रासायनिक रूप अशा रीतीने एका तेलुगू माणसाच्या प्रयोगशाळेत निश्चित झाले. टॉम स्पाइज यांनी लवकरच हे औषध स्प्रूच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि ते गुणकारी ठरले. ज्या रोगाने भाऊ नेला, त्यावरचे औषध आता बाटलीत होते.

फॉलिक ॲसिड हाती आल्यावर उलटा प्रश्न समोर आला. पेशींच्या वाढीला ते लागते, तर त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत मिळणारे, पण काम न करणारे, तोतया रेणू शरीरात सोडले तर? बेसुमार वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींची उपासमार करता येईल काय? बोस्टनच्या बालरुग्णालयातील सिडनी फार्बर यांना असे रेणू हवे होते. लेडर्लीतील रसायनज्ञांनी ते बनवले आणि सुब्बारावांनी ते फार्बर यांच्याकडे पाठवले. त्यांपैकी ॲमिनॉप्टेरिनचा वापर फार्बर यांनी तीव्र रक्तकर्करोगाने मरणाऱ्या मुलांवर केला. जून १९४८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, रोग पुन्हा उलटत होता. पण तोवर या आजारावर रसायनाने काही होऊ शकते, हेच कोणी मानत नव्हते. ॲमिनॉप्टेरिनचाच सौम्य भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. फार्बर यांचे रुग्णालय आणि ब्रिगहॅम रुग्णालय एकमेकांच्या शेजारी आहेत. ज्या परिसरात सुब्बाराव रात्री भांडी धूत असत, त्याच परिसरात त्यांनी पाठवलेल्या औषधाने मुलांचे ताप उतरू लागले होते.

दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील बेटांवर लढणाऱ्या हजारो अमेरिकी सैनिकांना हत्तीरोगाच्या जंतांची लागण झाली. त्यावर सुरक्षित औषध नव्हते. लेडर्लीत शेकडो संयुगे तपासली गेली आणि १९४७ मध्ये हेट्राझान, म्हणजे डायइथाइलकार्बामेझिन, पुढे आले. युद्ध संपले होते, सैनिक घरी गेले होते. औषधाचा खरा उपयोग झाला तो भारतासारख्या देशांना. गडचिरोली आणि चंद्रपूरपासून बिहार, ओडिशा आणि आंध्रपर्यंत हत्तीरोगाच्या मोहिमांत कर्मचारी समोर उभे राहून ज्या गोळ्या गिळायला लावतात, त्यांत हीच गोळी असते.

प्रतिजैविकांच्या शोधासाठी त्यांनी देशभरातून मातीचे नमुने मागवले. सत्तरी ओलांडलेले, विद्यापीठातून निवृत्त झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर यांना लेडर्लीत हे काम मिळाले होते. मिसुरीच्या एका शेतातील मातीत डगर यांना सोनेरी रंगाचा सूक्ष्मजीव सापडला आणि त्यापासून ऑरिओमायसिन निघाले. टेट्रासायक्लिन कुळातले ते पहिले औषध. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि नंतर सुरतमध्ये प्लेगची साथ आल्याची बातमी पसरली, तेव्हा शहरोशहरी औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल संपल्या होत्या. त्या रांगांत उभ्या असलेल्या लोकांना सुब्बारावांचे नाव ऐकून माहीत असण्याचे काही कारण नव्हते.

एक शोध मात्र निसटला. घातक पंडुरोगावरचा यकृतातला तो घटक, ज्याच्या मागे ते वर्षानुवर्षे होते, तो म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. १९४८ च्या वसंतात मर्क कंपनीच्या संशोधकांनी ते स्फटिकरूपात मिळवल्याचे जाहीर केले. सुब्बारावांना ते जिव्हारी लागले असणार. फॉलिक ॲसिडपासून कर्करोगाच्या औषधापर्यंतचे सगळे मूळ शोधाच्या वाटेत सापडले होते. ज्यासाठी वाट धरली ते दुसऱ्याच्या हाती गेले.

१९४६ साली अमेरिकेने कायदा बदलून हिंदी लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. देशातील एका मोठ्या औषध प्रयोगशाळेचे संशोधन चालवणारा हा माणूस तोवर कागदोपत्री परका होता. कायदा बदलल्यावरही त्यांनी नागरिकत्व घेतले नाही.

ऑरिओमायसिनची घोषणा जुलै १९४८ मध्ये झाली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. ते ५३ वर्षांचे होते. भारताच्या स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण व्हायला आठवडा उरला होता. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांपैकी एकाने बुरशीच्या एका नव्या प्रजातीला त्यांचे नाव दिले. भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९५ मध्ये टपाल तिकीट काढले.

शेषगिरी आंध्रातच राहिल्या. पती बोस्टनला गेल्यानंतर त्यांना मुलगा झाला होता; तो तान्हेपणीच गेला. वडिलांनी त्याला कधी पाहिले नाही. तीन वर्षांत परत येण्याचे ठरले होते, आणि त्यानंतर पती-पत्नीची पुन्हा भेट झाली नाही.